टोटल मेसोरेक्टल एक्सिजन

मलाशयाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेची एक पद्धत. मोठ्या आतड्याचा शेवटचा, सुमारे 15 सेंमी. लांबीचा भाग म्हणजे मलाशय. त्याच्याभोवती, विशेषतः मागच्या बाजूला, चरबीचे वेष्टन असते आणि त्यातच मलाशयाच्या रक्तवाहिन्या व लसीकाग्रंथी असतात. या वेष्टनाला मेसोरेक्टम म्हणतात. गाठ असलेल्या मलाशयासकट ते कुठेही न फाडता अखंड बाहेर काढणे, हे या पद्धतीचे सूत्र. डॉक्टरांच्या बोलण्यात तिचा उल्लेख ‘टीएमई’ असाच होतो. इंग्लंडमधील बेसिंगस्टोक येथील शल्यचिकित्सक रिचर्ड जॉन ऊर्फ बिल हील्ड हे तिचे प्रवर्तक.

मलाशय ओटीपोटाच्या तळाशी, हाडांच्या अरुंद पोकळीत असते. तेथे नीट दिसत नाही, हातही धड फिरत नाही. लंडनचे अर्नेस्ट माइल्स यांनी 1908 मध्ये दाखवून दिले की, केवळ खालच्या बाजूने, गुदद्वाराकडून, शस्त्रक्रिया केलेल्या 57 रुग्णांपैकी 54 जणांत कर्करोग परतला होता. त्यांनी पोटातून आणि खालून अशी दुहेरी शस्त्रक्रिया रूढ केली. तीत गुदद्वारही जाई आणि मल गोळा करणारी पोटावरची पिशवी जन्माची सोबतीण होई. पुढे गुदद्वार वाचवणाऱ्या शस्त्रक्रिया आल्या. पण मलाशयामागे हात घालून, बोटांच्या अंदाजाने ते सोडवून घेण्याची रीत बरीच वर्षे टिकली. यात वेष्टन फाटे व त्याचे तुकडे आत राहत. मग त्याच जागी गाठ पुन्हा वाढे. या अवस्थेतील हाल भयंकर असतात : त्रिकास्थीलगतच्या मज्जातंतूंवर दाब, बसू न देणारी वेदना, लघवीला अडथळा. त्यामुळे या ‘स्थानिक पुनरुद्भवा’चा आकडा या क्षेत्रात जगण्याच्या टक्केवारीइतक्याच गांभीर्याने पाहावा लागतो.

हील्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1982 मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरी’त निर्णायक निरीक्षण मांडले. पाच रुग्णांत गाठीच्या दिसणाऱ्या खालच्या कडेपासून काही सेंटिमीटर खाली, वेष्टनाच्या चरबीत कर्करोगाचे सूक्ष्म पुंजके सापडले होते. आतडे कुठे कापायचे याचाच विचार करणाऱ्यांच्या नजरेतून ही चरबी निसटत होती. वेष्टन पूर्ण काढून, बरे करण्याच्या हेतूने शस्त्रक्रिया केलेल्या आणि दोन वर्षांहून अधिक काळ पाठपुरावा झालेल्या 50 रुग्णांपैकी एकाच्याही ओटीपोटात कर्करोग परतला नव्हता.

प्रत्यक्ष कृती संथ आणि डोळ्यांदेखत चालते. सहायक मलाशय पुढे व वर ताणून धरतो. वेष्टन आणि ओटीपोटाची मागची भिंत यांच्यामध्ये पिंजलेल्या कापसासारखी विरळ, पांढुरकी ऊती दिसू लागते, तीच वाट. त्या वाटेनेच कात्री किंवा विद्युत्-छेदक चालवायचा. ताण सुटला की वाट हरवते. आत सरकले तर वेष्टन फाटते. बाहेर सरकले तर मूत्राशय व लैंगिक क्रिया सांभाळणाऱ्या मज्जातंतूंना इजा होते किंवा मोठा रक्तस्राव होतो. नीट काढलेला नमुना गुळगुळीत, चकचकीत असतो आणि त्याच्या मागच्या बाजूला दोन फुगवटे दिसतात.

या पद्धतीला शास्त्रीय आधार मिळाला तो विकृतिशास्त्रज्ञाच्या टेबलावर. लीड्सचे फिलिप क्वर्क व सहकाऱ्यांनी 52 नमुने आडवे कापून तपासले (1986). 14 नमुन्यांत कर्करोग बाजूच्या कडेपर्यंत पोचला होता आणि त्यांपैकी 12 रुग्णांत तो ओटीपोटात परतला. क्वर्क यांनीच 2009 मध्ये मलाशयाच्या कर्करोगावरील सीआर07 या चाचणीतील 1156 नमुन्यांची, वेष्टन किती अखंड आहे यावरून केलेली प्रतवारी प्रसिद्ध केली. तीन वर्षांनंतरचा पुनरुद्भव चांगल्या प्रतीत 4, मध्यम प्रतीत 7 आणि निकृष्ट प्रतीत 13 टक्के होता. शल्यचिकित्सकाचे कसब असे मोजता येऊ लागले, ही प्रस्तुत लेखकाच्या मते या संशोधनाची सर्वांत मोठी देणगी होय.

हील्ड यांच्या 519 रुग्णांचा वृत्तांत 1998 मध्ये आला : बरे करण्याच्या हेतूने केलेल्या 405 शस्त्रक्रियांत पाच वर्षांनी पुनरुद्भव 3 टक्के. एका निष्णाताच्या हातचे आकडे इतरांना गाठता येतील का, ही शंका रास्त होती. तिचे उत्तर स्टॉकहोमने दिले. तेथे 1994 पासून शल्यचिकित्सक आणि विकृतिशास्त्रज्ञ अशा दोघांसाठी कार्यशाळा झाल्या. त्याच भागातील आधीच्या दोन चाचण्यांत 15 व 14 टक्के असलेला पुनरुद्भव 6 टक्क्यांवर आला. गुदद्वार काढण्याची वेळ पूर्वी निम्म्याहून अधिक रुग्णांवर येई, ती 27 टक्क्यांवर आली.

नेदरलँड्समधील 1861 रुग्णांच्या चाचणीत (2001) टीएमईपूर्वी पाच दिवस किरणोपचार दिलेल्या गटात दोन वर्षांचा पुनरुद्भव 2.4 टक्के, तर न दिलेल्या गटात 8.2 टक्के होता. मात्र जिवंत राहणाऱ्यांचे प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखेच, 82 टक्के होते. दुर्बिणीतून व यंत्रमानवाच्या साहाय्याने होणाऱ्या आजच्या शस्त्रक्रियांतही वेष्टनाची वाट तीच आहे.

या पद्धतीची किंमतही आहे. आतड्याचा जोड खूप खाली येत असल्याने तो गळण्याचा धोका वाढतो. स्वीडनमधील 234 रुग्णांच्या चाचणीत (2007) तात्पुरती पिशवी ठेवलेल्यांपैकी 10.3 टक्के, तर न ठेवलेल्यांपैकी 28 टक्के रुग्णांचा जोड गळला. जोड नीट भरून आला तरी अनेकांना वारंवार शौचाला जावे लागते, घाई लागते, शौचावर ताबा राहत नाही. या त्रासाचे मोजमाप करण्यासाठी डेन्मार्कमध्ये 2012 साली गुणांकनाची प्रश्नावली तयार झाली. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील 800 रुग्णांच्या आढाव्यात (2017) मोठे आतडे व मलाशयाच्या कर्करोगाच्या रुग्णांचे सरासरी वय 47 आढळले. ऐन नोकरी-संसाराच्या वयातील अशा रुग्णांना शस्त्रक्रियेआधीच या त्रासाची कल्पना देणे आवश्यक ठरते.