सात हाली, सहा कलदार

मागच्या व्याख्यानानंतर काही जणांनी विचारलं होतं, "सर, चांदीत थोडे पैसे गुंतवायचेत. जुने रुपये घ्यावेत, सराफाकडची नवी नाणी घ्यावीत, की सरळ वीट घ्यावी?" भाव चढणार की उतरणार हे आम्ही सांगू शकत नाही, आयुष्य तत्त्वज्ञान शिकवण्यात गेलं. पण रुपयाचा इतिहास या प्रश्नाबद्दल बरंच काही सांगतो. आणि त्याची सुरुवात आमच्या घरातल्या एका चुकीपासून करावी लागेल.

आमचं मूळ गाव परभणीकडचं, म्हणजे जुन्या निजाम राज्यातलं. वडील गेल्यावर पितळी डब्यात चांदीचे ६० रुपये निघाले. आम्ही तिघं भावंडं. प्रत्येकी २० असा सरळ हिशोब केला आणि एका जातीची नाणी एका पुडीत बांधली. दादाला राणीछाप, आम्हाला चारमिनारचे हाली, आणि बहिणीला सहाव्या जॉर्जचे चकचकीत रुपये. तिला नवी, सुंदर नाणी दिली याचं आम्हाला समाधानच वाटलं.

आता या तीन पुड्या एकेक करून उघडू.

पहिली राणीछापची. मराठेशाहीत अंकुशी, चांदवडी असे अनेक टांकसाळींचे रुपये चालत. प्रत्येकाचं वजन आणि कस वेगळा, त्यामुळे सराफ पारखून बट्टा कापून घेई. 'नावाला बट्टा लागला' असं आपण म्हणतो, त्यात हाच बट्टा आहे. १८३५ साली कंपनी सरकारने कायदा करून एकच रुपया ठरवला: वजन १८० ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा, ११.६६ ग्रॅम. त्यात बारापैकी अकरा भाग चांदी आणि एक भाग हीण. म्हणजे शुद्ध चांदी साधारण १०.६९ ग्रॅम. यंत्रावर पाडलेला म्हणून लोक त्याला 'कलदार' म्हणू लागले. राणीछाप रुपया याच मापाचा.

दुसरी पुडी हालीची. महायुद्धापूर्वीच्या हाली रुपयाचं वजन ११.१८ ग्रॅम, कलदारपेक्षा जेमतेम चार टक्के कमी. तरी सरकारी दर होता सात हालीला सहा कलदार. शंभर कलदारला ११६ हाली, दहा आणे, आठ पै. वजनात एवढा फरक नाही, मग दरात का? कारण हालीत चांदी फक्त ८१.८ टक्के. गुणाकार करून बघा: ९.१४ ग्रॅम. आता १०.६९ ला ९.१४ ने भागा. उत्तर जवळजवळ सातास सहाच येतं. मराठवाड्यातल्या बाजारात बसणाऱ्या माणसाला हा हिशोब तोंडपाठ असे. चार इयत्ता जास्त शिकलेले आम्ही मात्र तो विसरलो होतो.

तिसरी पुडी बहिणीची. दुसरं महायुद्ध सुरू झालं, लोक कागदी नोट सोडून रुपया साठवू लागले, चांदीची ओढ लागली. १९४० साली सरकारने रुपयातली चांदी निम्म्यावर आणली; उरलेल्या भागात तांबं, निकेल आणि जस्त. गंमत बघा: राजा तोच, नाव तेच, वजन तेच. १९३९ चा रुपया आणि १९४० चा रुपया, दोन्हींवर सहावा जॉर्ज. पण एकात १०.६९ ग्रॅम चांदी, दुसऱ्यात ५.८३. बाजारात दोन्हींची किंमत एकच म्हटल्यावर कोण चांगला रुपया खर्च करील? चांगला घरात गेला, हलका हातोहात फिरला. इंग्लंडच्या ग्रेशमच्या नावाने ओळखला जाणारा नियम तो हाच. पुढे १९४१ ते १९४३ या काळात जुने रुपये टप्प्याटप्प्याने चलनातून बाद झाले, आणि १९४७ चा रुपया निघाला तो निव्वळ निकेलचा.

म्हणजे आमची वाटणी कशी झाली? दादाला २१४ ग्रॅम चांदी, आम्हाला १८३, आणि बहिणीला ११७. मोजणी बरोबर, वाटणी चूक. काही वर्षांनी मेहुण्यांच्या आजारपणात तिने ती नाणी मोडायला नेली, तेव्हा सराफाच्या पेढीवर तिला हे कळलं. तिने आम्हाला एवढंच विचारलं, "तुम्हाला माहीत होतं का?" आम्ही दोघा भावांनी फरक भरून दिला. पण माहीत नव्हतं, हे तिला पटवायला पैशांपेक्षा जास्त वेळ लागला.

हे फक्त इंग्रजी अमदानीत घडलं असंही नाही. आपल्या सरकारने १९६९ मध्ये गांधी शताब्दीचं दहा रुपयांचं नाणं काढलं: १५ ग्रॅम, ८० टक्के चांदी, म्हणजे १२ ग्रॅम शुद्ध. १९७२ मध्ये स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवाचं नाणं आलं: २२.५ ग्रॅम, पण चांदी निम्मी, म्हणजे ११.२५ ग्रॅम. हातात जड लागतं ते नाणं चांदीला हलकं!

म्हणून विचारणाऱ्यांना उत्तर असं. वजन विचारा, कस विचारा, दोन्हींचा गुणाकार करा, आणि दर त्या शुद्ध चांदीवर लावून बघा. त्यावर जे जास्त मागितलं जातं ती एक तर घडणावळ असते, नाहीतर दुर्मिळतेची किंमत. ती द्यायची तर समजून द्या. हेच नाणं उद्या परत आणलं तर किती घट धराल, हेही घेतानाच विचारा. ९९९ च्या विटेत दुर्मिळतेचा प्रश्नच येत नाही, हिशोब सोपा राहतो. जर्मन सिल्व्हरच्या नावात चांदी आहे, धातूत अजिबात नाही, हेही लक्षात असू द्या.

आणि घरात जुन्या नाण्यांचा डबा असेल, तर वाटण्या करण्याआधी प्रत्येक नाण्यावरचं साल वाचा. चष्मा लावून वाचा.