मोगलाईतली दुलई

१९४८ चा एप्रिल. खांद्यावर दुलई, बायकोच्या कडेवर धाकटी, आणि तुमचं गाव ईट मागं पडलंय. अंधारात निघालात, कारण दिवसा निजामाच्या बाजूच्या रझाकारांच्या टोळ्या फिरतात. करोडगिरीचा नाका चुकवून तुम्ही शेतातनं चालताय. दुलईतला कापूस गावच्या पिंजाऱ्यानं दोन सालांमागं पिंजलेला. उचलता आलं ते एवढंच.

हद्द ओलांडून बार्शी. देश स्वतंत्र होऊन आठ महिने झाले, तरी तुम्ही अजून हिला इंग्रजी हद्दच म्हणता, आणि इथले तुम्हाला मोगलाईतले. मोगल कधीच गेले. निजामाच्या मुलखाला तेवढं त्यांचं नाव चिकटलंय.

पहिल्या आठवड्यात कुणीही भाकरी-पिठलं आणून देतं. "कुठनं आलात?" विचारताना म्हातारीचा गळा दाटतो. एक जण पडवी देतो, म्हणतो, घर आपलंच समजा. कनवटीच्या निजामी हाली रुपयांचं मोल मात्र इथं उतरतं: सात हाली, तेव्हा कुठं इथले सहा कलदार. मग तुमच्यासारखे आणखी येतात, आणखी येतात. निम्म्या रोजावर राबायला तुम्ही तयार, म्हणून इथल्या मजुराचाही रोज पडतो. मला विचाराल तर माया त्यानंतर आटली. जूनमध्ये म्हातारी विचारते, "कधी जाणार?" पडवीवाला नजर चुकवून पुटपुटतो, "राहा. उद्याचं उद्या बघू."

१३ सप्टेंबरला सोलापूरकडून भारताची फौज नळदुर्गात शिरते. १७ ला निजाम शरण येतो. तुम्ही दुलई उचलून घरी.

रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी लातूरचा वकील, म्हणजे तेव्हा तुमच्याच उस्मानाबाद जिल्ह्यातला. तो पकडला जातो. पण जमावाला रझाकार कोण आणि मुसलमान पिंजारी कोण, हे बघायला सवड नसते. आता दुसरी माणसं पळतायत. या हिंसेची चौकशी करणारी पंडित सुंदरलाल समिती पुढं उस्मानाबाद जिल्हा सर्वांत होरपळलेल्या चारांत धरील, संस्थानभरात २७ ते ४० हजार माणसं मेल्याचा अंदाज देईल, आणि तिचा अहवाल कित्येक दशकं सरकारी कपाटात पडून राहील.

रात्री कडी वाजते. पावसात पिंजारी उभा, मागं बायको, दोन पोरं. समोरच्या घरातला कंदील हलतो, कुणीतरी बघतंय. तुमची बायको न बोलता दुलई अंथरायला घेते. तुम्ही दार निम्मंच उघडता.

"या आत," तुम्ही म्हणता. "उद्याचं उद्या बघू."