जहाजाच्या रोजनिशीची कुळकथा

मुळा-मुठेच्या काठच्या लोणी काळभोरहून समुद्र पाहावयाचा तर सह्याद्रीचा घाट उतरण्यावाचून गत्यंतर नाही. तरीही तेथील राजबागेत, 'मॅनेट' या नावाने परिचित असलेल्या संस्थेत, व्यापारी जहाजांचे भावी अधिकारी तयार होतात. जहाजावर रुजू झाल्यावर ज्या वहीशी त्यांची आयुष्यभराची गाठ पडते ती म्हणजे लॉगबुक, जहाजाची रोजनिशी. आणि एकोणिसाव्या शतकातील आरमारी अधिकाऱ्यांची कर्तव्यबुद्धी तोफांपेक्षा या वहीत अधिक स्वच्छ दिसते, असे माझे मत आहे.

लॉग ही मूळची एक लाकडी फळी. वर्तुळाच्या चतुर्थांशाएवढा तिचा आकार, आणि पाण्यात ती उभी राहावी म्हणून गोल कडेला शिसे बसवलेले. गाठी मारलेली दोरी बांधून ती पिछाडीवरून सोडावयाची, २८ सेकंदांची वाळूची घटिका उलटवावयाची, आणि वाळू सरेपर्यंत जितक्या गाठी हातातून सुटतील तितके सागरी मैल ताशी वेग समजावयाचा. दोन गाठींत अंतर ४७ फूट ३ इंच, कारण ताशी एक सागरी मैल चालणारे जहाज तेवढ्या अवधीत तेवढेच पाणी तोडते. चार तासांच्या पाळीवरील अधिकाऱ्याने हा आकडा, वाऱ्याची दिशा व जहाजाचा रोख खडूने पाटीवर मांडावा आणि मग तो मजकूर वहीत उतरावा, असा शिरस्ता होता.

परंतु एकाला जो वारा 'जोराचा' वाटे तो दुसऱ्याला बेताचा वाटे. ही मोघम भाषा फ्रान्सिस ब्यूफर्ट या कप्तानास खटकली व १८०६ मध्ये त्याने वाऱ्याला आकडे दिले. पुढे युद्धनौकेला किती शिडे पेलवतात यावर ते बांधले गेले, शून्य म्हणजे निर्वात शांतता आणि बारा म्हणजे एकही शीड टिकू न देणारे तुफान. १८३८ मध्ये ब्रिटिश आरमाराने हे कोष्टक रोजनिशीसाठी सक्तीचे केले.

आपल्या मुंबईत काटेकोर नोंदींची हीच तालीम 'बॉम्बे मरीन'मध्ये मुरली. १८३० मध्ये तिचे 'इंडियन नेव्ही' असे नामांतर झाले, १८६३ मध्ये ती मोडली. पण १८२९ पासूनच्या पाच वर्षांत 'पालिनुरस' व 'बेनारेस' या जहाजांवरील मोर्स्बी, एल्वन प्रभृती अधिकाऱ्यांनी तांबड्या समुद्राची खोली हातहात मोजून त्याचे नकाशे सिद्ध केले.

चाबकाच्या फटक्यांची संख्याही त्याच वह्यांत लिहिली जाई, हे विसरून चालणार नाही. ती शिस्त मला मान्य नाही. ब्रिटिश आरमारात शांततेच्या काळात ती १८७१ मध्ये स्थगित झाली हे योग्यच झाले. मात्र आपल्या हातून दिलेली शिक्षाही न लपवता नोंदवावी, हा दंडक मला मोठा वाटतो. त्याच वह्यांतील वाऱ्याच्या जुन्या नोंदींवरून अभ्यासक आज गतकाळच्या मोसमी वाऱ्याचा माग काढतात.

मुंबई सरकारच्या सागरी खात्याचे जुने दप्तर एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतील राज्य अभिलेखागारात आहे. लोणीच्या विद्यार्थ्यांना समुद्रावर धाडण्यापूर्वी ते एकदा अवश्य दाखवावे.