पाणी आटले की घर खचते: बॉस्टनच्या बॅक बेचा इतिहास

१/ पायात पाणी मुरले की घराला धोका, हा आपल्याकडचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव. अमेरिकेतील बॉस्टन शहरात मात्र एक संपूर्ण वस्ती अशी आहे, जिथे पायाभोवतीचे पाणी आटले की घर खचू लागते. तिचे नाव बॅक बे. या उलट्या न्यायामागे दीडशे वर्षांचा इतिहास आहे. 🧵

२/ मुंबईकरांना हे नाव परके नाही. आपल्या बॅक बेप्रमाणेच बॉस्टनचा बॅक बेही भरावाचा. मुळात ती चार्ल्स नदीलगतची, भरती-ओहोटीची दलदल होती. १८५० च्या दशकाच्या अखेरीस भरावाला प्रारंभ झाला. सुमारे १५ किलोमीटरवरच्या नीडहॅम गावातून खडी-वाळू भरलेल्या आगगाड्या रात्रंदिवस धावत होत्या.

३/ भराव टाकला, तरी त्याखालचा चिखल मऊच राहिला. त्यावर चार-पाच मजली विटांची घरे उभी राहणार कशी? उत्तर जुनेच होते, व्हेनिस आणि ॲमस्टरडॅमने आधीच वापरलेले. झाडांचे सरळ सोट खुंट जमिनीत खोल ठोकायचे, त्यांच्या डोक्यांवर दगडी पाया रचायचा आणि त्यावर भिंत चढवायची.

४/ लाकूड जमिनीत कुजत कसे नाही? लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला ओलाव्याइतकीच हवाही लागते. खुंट पूर्णपणे पाण्याखाली असेल, तर त्याला प्राणवायू मिळत नाही आणि तो शतकानुशतके टिकतो. म्हणून गवंडी खुंटांची डोकी भूजलाच्या पातळीखाली राहतील अशा बेताने कापत असत.

५/ या पद्धतीचे सर्वांत भव्य उदाहरण म्हणजे वास्तुविशारद हेन्री हॉब्सन रिचर्डसन यांचे ट्रिनिटी चर्च. १८७७ साली पूर्ण झालेली ही दगडी वास्तू सुमारे ४,५०० लाकडी खुंटांवर उभी आहे.

६/ बांधणाऱ्यांचे गणित चोख होते; पण त्यात एक गृहीतक दडलेले होते. भूजल आज जिथे आहे, तिथेच ते सदैव राहील! पुढे शहर वाढले. रस्त्यांखालून सांडपाण्याच्या वाहिन्या आणि भुयारी रेल्वे गेली. वाहिन्यांच्या फटींतून भूजल आत झिरपून वाहून जाऊ लागले. तळघरांतून पंपांनी पाणी उपसले जाऊ लागले. फरसबंदीमुळे पावसाचे पाणी जमिनीत मुरेनासे झाले.

७/ पाणी खाली गेले, खुंटांची डोकी उघडी पडली आणि बुरशीने आपले काम सुरू केले. १९२९ मध्ये बॉस्टनच्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या इमारतीला तडे दिसले. तपासात पायाखालचे खुंट कुजलेले आढळले. १८९५ मध्ये खुल्या झालेल्या या वास्तूखाली नवा आधार द्यावा लागला.

८/ संकट तिथेच थांबले नाही. १९८० च्या दशकात, जवळच बीकन हिलच्या पायथ्याशी असलेल्या भरावावरील घरांतही कुजके खुंट सापडले. भिंतीला तिरका तडा जाणे, दार चौकटीत अडकणे, पायऱ्या कलणे ही त्याची लक्षणे. पण ती दिसू लागेपर्यंत खाली बरीच हानी झालेली असते.

९/ दुरुस्तीही सोपी नाही. तळघरातून भिंतीखाली टप्प्याटप्प्याने खड्डे खणायचे, खुंटाचा कुजका भाग कापायचा आणि त्या जागी पोलाद व काँक्रीटचा आधार भरायचा. एका घराचा खर्च काही लाख डॉलरपर्यंत जातो. शिवाय रांगेतल्या घरांची भिंत सामाईक. म्हणजे शेजाऱ्याला वगळून काम पूर्ण होत नाही.

१०/ खरा पेच इथेच आहे. गळकी वाहिनी सार्वजनिक, पण कुजलेला पाया खासगी. चूक कोणाची हे सिद्ध करणे कठीण आणि भुर्दंड मात्र घरमालकाला. घराची निगा उत्तम राखणाऱ्याचेही घर खचू शकते, कारण रोगाचे मूळ त्याच्या उंबरठ्याबाहेर असते.

११/ म्हणून १९८६ मध्ये बॉस्टन ग्राउंडवॉटर ट्रस्ट ही संस्था स्थापन झाली. भरावाच्या भागांतील शेकडो निरीक्षण-विहिरींत ती नियमितपणे भूजलाची पातळी मोजते. पातळी घसरली की आसपास गळती कुठे आहे, याचा शोध घेता येतो.

१२/ २००६ मध्ये शहराने नियोजनाच्या नियमांतही बदल केला. अशा भागांत नवे बांधकाम किंवा मोठी दुरुस्ती करणाऱ्याने पावसाचे पाणी गटारात न सोडता जमिनीत मुरवावे आणि आपल्या कामामुळे भूजल खालावणार नाही याची काळजी घ्यावी, असे बंधन आले.

१३/ बॅक बेच्या पदपथांवर या विहिरींची लहानशी झाकणे दिसतात. पर्यटकांचे लक्ष चर्चच्या मनोऱ्याकडे जाते. तो मनोरा सुरक्षित आहे की नाही, हे मात्र अशाच झाकणांखाली मोजले जाते. एकोणिसाव्या शतकातील गवंड्यांनी गृहीत धरलेली पाण्याची पातळी राखण्याचे काम आता संपूर्ण शहराला करावे लागत आहे.