केतुबा

केतुबा म्हणजे यहुदी विवाहाचा करारनामा. हिब्रूतील क-त-ब, म्हणजे लिहिणे, या धातूपासून हा शब्द झाला; त्याचा अर्थ 'लिहिलेले'. 'मक्तब', 'कुतुबखाना' आणि ग्रंथवाचक 'किताब' हे अरबी-फारसी शब्द याच धातूचे भाऊबंद. मराठीत बहुमान म्हणून मिळतो तो 'किताब' मात्र या घराण्यातला नव्हे. तो 'खिताब'चा अवतार.

परंपरेने अरेमाइक भाषेत लिहिलेला हा मजकूर अगदी रुक्ष असतो. पत्नीला अन्नवस्त्र पुरवण्याची वराची हमी. घटस्फोट किंवा वैधव्य आल्यास तिला द्यायची रक्कम, प्रथमवधूला 200 झूझ (चांदीची प्राचीन नाणी), विधवेला 100. खाली दोन साक्षीदारांच्या सह्या. इतक्या व्यवहारी कागदाभोवती फुलबाग उमलावी हे नवलच. मजकूर ठरलेला, म्हणून चित्रकाराने समास आपलासा केला.

ऑस्ट्रियातील क्रेम्स येथील चौदाव्या शतकाच्या अखेरच्या केतुबेवर वधूवर चितारलेले आहेत. सतराव्या-अठराव्या शतकांत इटलीत ही कला बहरली: चर्मपत्रावर राशिचक्र, जेरुसलेम, वेलबुट्टी. इराणमधील इस्फहानच्या चित्रकारांनी सिंह आणि सूर्य काढले. भारतातल्या यहुदी कुटुंबांच्या केतुबांवरही फुलापानांची नक्षी आढळते. डाळिंब, द्राक्षे, अंजीर, ऑलिव्ह, खजूर, गहू आणि जव ही तोरा या यहुदी धर्मग्रंथात इस्राएलच्या भूमीची म्हणून सांगितलेली सात पिके चित्रकारांना आयतीच मिळाली.

छापील नमुन्यांमुळे ही कला मागे पडली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत हस्तलेखन आणि कागदकाम करणाऱ्या कलावंतांनी तिला पुन्हा उचलून धरले.