कागदाची शाळा

चित्रकला शिकवावयाची म्हणजे विद्यार्थ्यासमोर घडा किंवा पान ठेवावयाचें आणि तें त्याच्याकडून हुबेहूब उतरवून घ्यावयाचें, अशी आपल्याकडे जुनी समजूत आहे. जर्मनींतील एका शिक्षकानें पेन्सिल बाजूस सारून विद्यार्थ्यांच्या हातीं नुसता कागद दिला, त्याची ही हकीकत.

जोसेफ आल्बर्स यांचा जन्म १८८८ सालीं बोट्रॉप येथें एका रंगाऱ्याच्या घरीं झाला. कांहीं वर्षें त्यांनीं प्राथमिक शाळेंत मास्तरकी केली आणि १९२० सालीं, बत्तिशीच्या वयांत, वायमार येथील बाउहाउस या नव्या कलाशाळेंत पुन्हां विद्यार्थी म्हणून नांव घातलें. जवळ पैसा नव्हता. तेव्हां गांवच्या उकिरड्यावरून फुटक्या बाटल्यांच्या कांचा वेंचून त्यांनीं तेथील आपलीं पहिलीं कांचचित्रें रचिलीं. १९२३ सालीं त्याच शाळेंत ते नवागतांना शिकवूं लागले.

त्या वर्गांतील एक प्रसंग एका शिष्यानें पुढें सांगितला आहे. मास्तर वर्तमानपत्रांचा गठ्ठा घेऊन आले, तीं सर्वांना वांटलीं, आणि कागदाचा कागदपणा राखून यांतून कांहीं तरी निर्माण करा, कात्री, सुरी, डिंक टाळतां आल्यास उत्तमच, एवढें सांगून निघून गेले. परत येऊन पाहतात तों कोणी किल्ले, कोणी विमानें, कोणी मुखवटे केलेले. हीं बालवाडींतलीं खेळणीं, दुसऱ्या वस्तूंचींहि तीं करतां आलीं असतीं, असा त्यांनीं निकाल दिला. एका हंगेरियन विद्यार्थ्यानें मात्र कागदाला लांबीनें एक घडी घालून तो उभा केला होता, इतकेंच. त्याचें मास्तरांनीं कौतुक केलें. एरवीं मऊ, लोळत पडणारा कागद एका घडीनें ताठ होतो, आणि आडवा असतां न दिसणारी त्याची दुसरी बाजूहि दिसूं लागते, हें त्या मुलानें कागदालाच विचारून घेतलें होतें.

१९३३ सालीं नाझींच्या दडपणाखालीं ती शाळा बंद पडली. आल्बर्स यांच्या पत्नी ॲनी, स्वतः नामांकित विणकर, जन्मानें ज्यू. उभयतां अमेरिकेंत ब्लॅक माउंटन कॉलेजांत आलीं. जोसेफना इंग्रजी जवळजवळ येतच नव्हतें. कागदाचें त्यावांचून अडलें नाहीं.

तेथें, आणि १९५० पासून येल विद्यापीठांत, त्यांनीं रंग शिकविले ते रंगाच्या डब्यावांचून. रंगीत कागद, वेष्टनें, मासिकांचीं पानें यांच्या ढिगांतून हवा तो रंग हुडकून कापावयाचा. करड्या कागदाची एक पट्टी घ्या. तिचें एक टोंक काळ्यावर, दुसरें पांढऱ्यावर ठेवा, आणि मधला भाग झांका. काळ्यावरचें टोंक उजळ भासेल, पांढऱ्यावरचें काळवंडलेलें. झांकण काढावें, तर पट्टी अखंड! कुंचल्यानें हें दाखवावें तर मिश्रणच किंचित् बदललें असेल अशी शंका राहते. येथें आपलाच डोळा फसला हें कबूल करावें लागतें. शिवाय ज्याचा हात चित्राला वळलेला नाहीं त्यालाहि हा धडा तितकाच खुला.

किल्ले करणाऱ्यांवरील टीका मला थोडी निष्ठुर वाटते. या गुरूंचा जाच अनेकांना झाला. १९४८ सालीं ब्लॅक माउंटनला रॉबर्ट राउशेनबर्ग त्यांचा शिष्य झाला. त्यांच्या शिस्तीशीं त्याचें कधीं जमलें नाहीं. तरी आपले सर्वांत महत्त्वाचे गुरु तेच, असें तो पुढें सांगत असे. १९५१ च्या सुमारास त्यानें काळीं चित्रें काढलीं, त्यांत रंगाखालीं वर्तमानपत्राचे चुरगळलेले कपटे चिकटविलेले आहेत.