मोटारीच्या श्वासाचा इतिहास

बेळगावहून खानापूर ओलांडून लोंढ्याकडे निघालेला रस्ता गुंजीच्या आसपास रानातून जातो. पुढे रामनगर, त्यापुढे अनमोडचा घाट आणि घाटाखाली गोवा. पावसाळ्यात या वाटेवर मोटार अडली, की चालकाच्या तोंडून बहुधा दोनच तक्रारी ऐकू येतात. ‘गाडी पिकअप घेत नाही’ ही एक, आणि ‘आयडलिंगला बंद पडते’ ही दुसरी. वरवर पाहता दोन्ही दुखणी निरनिराळी वाटतात. वस्तुतः ती एकाच घराण्यातली आहेत, आणि त्या घराण्याचा इतिहास मोटारीइतकाच जुना आहे.

कार्ल बेंझ याने १८८६ साली आपल्या तीनचाकी गाडीचे पेटंट घेतले, तेव्हा इंधनाचा नुसता वाफारा हवेत मिसळून तो इंजिनात ओढला जाई. १८९३ साली हंगेरीत बांकी व चोंका या दोघांनी आणि जर्मनीत विल्हेल्म मायबाख याने बारीक तोटीतून पेट्रोलचा फवारा उडविण्याची युक्ती काढली. इंजिन हवा ओढते. ती हवा निमुळत्या गळ्यातून वेगाने धावते. वेग वाढला की तेथील दाब घटतो आणि तोटीतील पेट्रोल आपोआप वर खेचले जाते. वजनाने पाहिल्यास एक भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा, असे हे गणित. त्या गळ्यानंतरची पत्र्याची गोल फिरती झडप म्हणजे थ्रॉटल. चालक रेस देतो असे आपण म्हणतो, तेव्हा पेट्रोल-इंजिनात तो प्रत्यक्षात पेट्रोल वाढवीत नसून हवेचे दार उघडीत असतो. ही साधी गोष्ट ध्यानात न घेतल्यामुळे आजवर कितीतरी निरोगी सुटे भाग विनाकारण बदलले गेले असतील.

परंतु या युक्तीत दोन उणिवा होत्या. गाडी उभी असताना झडप जवळजवळ मिटलेली असते. गळ्यातील हवा मंदावते आणि मुख्य तोटीतून पेट्रोल येईनासे होते. यावर उपाय म्हणून झडपेच्या कडेशी एक सूक्ष्म छिद्र ठेवून मंद चालीसाठी वेगळी वाट काढावी लागली. दुसरी अडचण याच्या उलट होती. पाय एकदम दाबला की हवा तत्काळ आत घुसते, पण पेट्रोल जड असल्याने मागे रेंगाळते. क्षणभर मिश्रण पातळ होते आणि गाडी पुढे जाण्याऐवजी अडखळते. म्हणून त्या क्षणापुरती पेट्रोलची चिळकांडी मारणारा छोटा पंप कार्बोरेटरला जोडण्यात आला. मंद चालीचे छिद्र कचऱ्याने बुजले, तर गाडी उभ्या उभ्या मरते; पंपाचा पडदा फाटला, तर पिकअप जातो. दोन्ही तक्रारींचा जन्म असा झाला.

दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचे रेशनिंग आले आणि अनेक मोटारींच्या पाठीवर लाकूडकोळशाच्या भट्ट्या चढल्या. भट्टीतला वायू इंजिन स्वतःच्या ओढीने खेचून घेई. त्यामुळे गाडी उभी राहिली की ओढ कमी होऊन निखारा मंदावे, आणि पुन्हा रेस दिली तरी भट्टी फुलेपर्यंत जोर येत नसे. त्यातही इंजिनाची शक्ती पेट्रोलच्या मानाने जवळजवळ निम्म्यावर येई. राख आणि चिकटा झडपेवर बसे तो निराळाच. संथ प्रतिसाद हा येथे बिघाड नव्हता, इंधनाचा स्वभावच तसा होता. घाट लागण्यापूर्वी भट्टी फुलवून घेणे हेच त्यावरचे औषध.

युद्धानंतर सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी उभारलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्यातील कारखान्यातून १९४७ साली मोटारी बाहेर पडू लागल्या; पुढे फियाट आली, तिलाच नंतर पद्मिनी हे नाव मिळाले. हा काळ मिस्त्रीच्या कानाचा होता. स्क्रू पाव आटा फिरवायचा, थांबायचे, ऐकायचे. आवाज सर्वांत सुरेल लागतो ती जागा खरी. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच. गोव्यात किनाऱ्यावर बसविलेला कार्बोरेटर येथील विरळ हवेत किंचित दाट मिश्रण देणार, हे जाणणारा मिस्त्री गाडी कोठून आली हे आधी विचारी. आजच्या वर्कशॉपात हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

१९६७ साली बॉश कंपनीने विजेच्या नियंत्रणाखालील इंधन-फवारणी बाजारात आणली. भारतात २००० साली धुराचे निर्बंध कडक झाल्यावर कार्बोरेटर झपाट्याने मागे पडला, आणि काळीपिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून गेली. झडप मात्र राहिली. नव्या गाड्यांत ती तारेऐवजी विजेच्या छोट्या मोटरने फिरते; तथापि इंजिनातून परतणारी तेलकट वाफ तिच्या कडेला काजळी धरतेच. मिटलेल्या झडपेभोवतीची केसभर फट बुजली, की मंद चाल डळमळू लागते.

स्कॅनर लावला, तर पडद्यावर बिघाडाचा आकडा उमटतो. तो आकडा साक्षीदाराचा असतो, आरोपीचा असेलच असे नाही. ‘मिश्रण पातळ’ असे धुराच्या नळीतला ऑक्सिजन सेन्सर कळवितो, आणि पुष्कळदा शिक्षा त्यालाच होते. काही हजार रुपयांचा नवा सेन्सर बसतो आणि गाडी पूर्ववत अडखळते. कारण झडपेपुढील एखाद्या रबरी नळीला चीर गेलेली असते, आणि तिच्यातून न मोजलेली हवा आत शिरत असते. चालू इंजिनाच्या सांध्यांवर पाण्याचा हलका फवारा मारला, की चिरेपाशी आवाज बदलतो. हवेचा फिल्टर, नळ्या, झडपेची काजळी, प्लग, मग पेट्रोलचा दाब आणि सर्वांत शेवटी सेन्सर, हा क्रम जुन्या मिस्त्रीने घालून दिल्यासारखाच आहे. झडप स्वच्छ केल्यावर मंद चाल काही काळ वाढलेली राहते, यात घाबरण्यासारखे काही नाही. अनेक गाड्यांतील संगणकाने बुजलेल्या फटीशी जमवून घेतलेले असते, आणि मोकळी झालेली फट त्याला नव्याने शिकवावी लागते.